तीन कपांतला वेगळा

आमच्या कारखान्यात चहा पिकत नाही, फक्त पिशव्यांत भरला जातो. चीनहून गोण्या येतात. गोण्यांवर डोंगराचं आणि ढगांचं चित्र असतं, आत हिरव्या चहाची चुरी असते. पानं चाळली की वरचं दुसऱ्यांना जातं, खाली उरलेलं आम्ही घेतो. टी-बॅगला तेच लागतं. अख्खं पान पिशवीत धड फुलत नाही आणि दोन मिनिटांत गिऱ्हाइकाला दिसेल इतका रंग सोडत नाही, चुरी सोडते. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण धाकट्या साहेबांना लाज वाटायची. थोरले साहेब घरी बसले आणि त्यांच्या खुर्चीत धाकटे आले, त्या महिन्यापासून ‘चुरी’ हा शब्द कारखान्यात बंद झाला. पुढच्या महिन्यात जीभराव आले.

जीभराव हे नाव भरणी मशीनवरच्या मावशीने ठेवलं. ते स्वतःला चहातज्ज्ञ म्हणवून घेत. पहिल्या दिवशी धाकट्या साहेबांनी सगळ्यांना जेवणघरात गोळा करून त्यांची ओळख करून दिली, तेव्हा त्यांनी खिशातून चांदीचा चमचा काढला, उजेडात धरला आणि म्हणाले, "माणूस खोटं बोलतो. जीभ बोलत नाही."

मावशी माझ्या कानाशी आली. "बाई, जीभ बोलत नाही, तर मग हे कशाने बोलतायत?"

त्यांच्या प्रमाणपत्राची प्रत माझ्या फायलीत आहे. चीनमधला अभ्यासक्रम अकरा दिवसांचा होता. त्यातले दोन दिवस प्रवासाचे, असं खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे.

मी प्रयोगशाळा बघते. ओलावा, राख, कॅफीन, कीटकनाशकांचे अंश, हे यंत्रं सांगतात. चव यंत्र सांगत नाही, म्हणून चवीचं पॅनेल. नऊ वर्षांपूर्वी कारखान्यातल्याच साठ माणसांच्या चाचण्या घेऊन मी त्यातून सहा जण निवडले होते. मावशी, लेबलं चिकटवणाऱ्या दोघी, मालाच्या पावत्या करणारा कारकून, भांडारातल्या काकू आणि फोर्कलिफ्ट चालवणारा. या सहांपैकी एकालाही ग्रीन टी आवडत नाही. मधल्या सुट्टीत सगळे दूध-साखर घालून उकळलेला चहा पितात आणि आम्ही भरतो त्याला ‘गवताची आंघोळ’ म्हणतात. मला हे सोयीचंच होतं. आवड नसली की आवडीनिवडी मध्ये येत नाहीत.

पॅनेल सकाळी दहा ते बारा आणि दुपारी दोन ते चार बसतं. एक पिशवी, दोनशे मिलिलिटर पाणी, ऐंशी अंश, दोन मिनिटं. ढवळायचं नाही, पिशवी पिळायची नाही. खोलीत लाल दिवा असतो, म्हणजे रंग बघून अंदाज बांधता येत नाही. प्रत्येकासमोर तीन पांढरे कप, कपांवर तीन आकडी क्रमांक. तिन्हींपैकी दोन कपांत एकच चहा असतो, तिसऱ्यात दुसरा. घोट घ्यायचा, थुंकायचा, कोमट पाण्याने चूळ भरायची, पुढचा कप घ्यायचा. वेगळा कप कोणता ते ओळखायचं आणि तो का वेगळा ते कार्डावर लिहायचं. लिहिण्यासाठी मी चौदा शब्दांची यादी दिली होती. गवती, तुरट, कडू, भाजका, धुरकट, शिळा, असे. यादीबाहेरचा शब्द चालत नसे. ज्याची व्याख्या नाही ते मोजता येत नाही.

मावशी तीन नंबरच्या भरणी मशीनवर आहे. बावीस वर्षं उभी. तिचे दोन्ही गुडघे गेले आहेत आणि डॉक्टरने चिठ्ठी दिली आहे की दिवसाला चार तासांवर उभं राहायचं नाही. मशीनवर बसून काम होत नाही. कागदाचा रोल चढवायचा असतो, अडकलेली पिशवी सोडवायची असते, दर पाच मिनिटांनी वाकायचं असतं. सुपरवायझरने तिला स्वच्छ सांगितलं होतं, चार तास पॅनेलवर बसताय तोवर निभावून नेतो, पॅनेल नसेल तर घरी बसा. घरी सून आणि दोन नाती. मुलगा काम शोधायला दुसऱ्या शहरात गेलेला, काम अजून सापडलेलं नाही. "मी घरी बसले तर आम्ही चौघी बसणार," मावशी म्हणायची, "आणि घरात खुर्च्या दोन."

जीभरावांना प्रयोगशाळेत इस्पितळाचा वास यायचा, म्हणून त्यांना स्वतंत्र खोली हवी होती. कारखान्यातली सगळ्यात कोरडी, थंड, बिनवासाची खोली म्हणजे टी-बॅगच्या कागदाचे रोल ठेवायची खोली. धाकट्या साहेबांनी ती दोन दिवसांत रिकामी करून दिली. तिथे चटया आल्या, बांबूचा पडदा आला, काचेच्या किटल्या आल्या आणि भिंतीवर काळ्या शाईतलं एक मोठं चिनी अक्षर आलं. त्याचा अर्थ पहिल्या आठवड्यात ‘शांती’ होता, दुसऱ्यात ‘पाणी’. रोल कुठे हलवले ते मी विचारलं नाही. तो भांडाराचा प्रश्न होता.

पिशवीला जीभराव हात लावत ते फक्त कापायला. नखं कापायच्या कात्रीएवढ्या कात्रीने ते कोपरा कापत, चुरी किटलीत ओतत आणि रिकामी पिशवी दोन बोटांच्या चिमटीत धरून, मेलेलं झुरळ टाकावं तशी, डब्यात टाकत. "मोज्यात घालून बुडवलेला चहा मी पिऊ शकत नाही," असं ते म्हणत. टी-बॅगच्या कारखान्याने पगार देऊन ठेवलेला माणूस हे टी-बॅगच्या कारखान्यात बसून म्हणत होता, आणि कारखान्याचा मालक मान डोलवत होता. नवीन डब्यांवर त्यांचा फोटो छापला गेला, डोळे मिटून, नाकाशी चमचा धरलेला.

त्यांना येऊन पाच आठवडे झाले आणि तक्रारी यायला लागल्या. ओल्या खोक्यासारखा वास. जुन्या मासिकाची चव. एका गिऱ्हाइकाने लिहिलं होतं की कप तोंडाशी नेला की नव्या वह्यांच्या दुकानात शिरल्यासारखं वाटतं. दोन आठवड्यांत एकेचाळीस तक्रारी झाल्या. बेचाळिसावी माझ्या घरी आली.

"वहिनी, काय घालता हो तुम्ही लोक त्यात?" वन्संनी फोनवर विचारलं. "घोट घेतला की पुठ्ठा चाटल्यासारखं होतं."

"वन्सं, पिशवी किती वेळ ठेवता पाण्यात?"

"राहते की कपातच. काढून कुठे ठेवू?"

"आणि पाणी?"

"खळखळा उकळलेलं. त्याशिवाय जंतू मरतात होय?"

वन्संनी वजन उतरवायला ग्रीन टी धरला होता आणि त्याच्यासोबत क्रीमची बिस्किटं. उकळत्या पाण्यात पाऊण तास राहिलेल्या पिशवीबद्दल त्यांचं मत मी मत म्हणून धरलं नाही. "दोन मिनिटांनी काढत जा," एवढं सांगून फोन ठेवला.

तक्रारींच्या बैठकीत जीभरावांनी डब्यांतल्या आठ पिशव्या कापल्या, किटलीत टाकल्या आणि चमच्याने असा काही सुरका मारला की दाराबाहेरचा शिपाई आत डोकावला. मग बराच वेळ डोळे मिटून बसले.

"पान उत्तम आहे," ते म्हणाले. "दोष चहात नाही, पिणाऱ्यांत आहे. त्यांना पाणी कळत नाही. मी त्यांच्यासाठी एक पत्रक लिहीन."

पत्रक दुसऱ्याच दिवशी तयार झालं. किटली गाऊ लागण्याआधी, ती कुजबुजत असतानाच तिला उतरवा, असं त्यात होतं. तापमानाचा आकडा कुठेही नव्हता. मी विचारलं तेव्हा मला उत्तर मिळालं की आकड्यांनी पाणी जखमी होतं. धाकट्या साहेबांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. मी पाहिलं त्यांना लिहिताना.

"आणि साहेब, एक राहिलं," जीभराव निघताना म्हणाले. "ही सहा माणसं रोज चार तास बसून करतात काय? तक्रारी आल्या तेव्हा यांना काही कळलं? मॅडमचे अहवाल मी वाचले. तीन आठवडे एकच ओळ आहे, ‘फरक सिद्ध होत नाही.’ फरक नाही हे मी एका घोटात सांगितलं असतं."

धाकट्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, बरोबर आहे ना त्यांचं? एक तारखेपासून पॅनेल बंद करू. माणसं मशीनवर परत जातील, भरणी तरी वाढेल."

मी फारशी बोलत नाही. बैठकींत तर नाहीच. पण त्या माणसाच्या चमच्याला चिकटलेला आमच्या चुरीचा एक हिरवा कण मला दिसत होता, आणि तो दिसत असताना गप्प बसवेना.

"तक्रारीचे डबे माझ्याकडे आहेत," मी म्हटलं. "तक्रारींच्या आधीचे राखीव नमुनेही आहेत. तीन कपांची चाचणी घेऊ. सर एका बाजूला, मावशी एका बाजूला. प्रत्येकी सहा फेऱ्या."

सहाही जणांची आकडेवारी साहेबांना कळली नसती. दोन माणसं समोरासमोर बसलेली त्यांना कळतात.

"आणि मावशी हरली तर?" ते खुर्चीत पुढे सरकले.

"तर बंद करा पॅनेल."

मावशीला हे मी मशीनवर जाऊन सांगितलं. तिने आधी मशीन थांबवलं, मग मोठा श्वास घेतला.

"माझे गुडघे पणाला लावलेत तुम्ही. मला विचारलंत?"

"नाही."

"बरं झालं. विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं." तिने कपड्याने हात पुसले. "त्या जीभरावाला तोंड धुवून यायला सांगा. लवंग चघळतो तो सारखी."

चाचणी जीभरावांच्याच खोलीत झाली. लाल दिवा त्यांनी नाकारला, लाल दिव्यात ध्यान लागत नाही म्हणून. मी पडद्यामागे उभी राहून चहा करायचा, कपांवर क्रमांक घालायचे आणि साहेबांच्या ड्रायव्हरने ते कप नेऊन ठेवायचे, म्हणजे माझा चेहरा कुणाला दिसणार नाही, असं ठरलं. मग जीभराव म्हणाले, "माझ्या पिशव्या कापून घ्या."

"दोघांना अटी सारख्या हव्यात," मी पडद्यामागून म्हटलं.

"मग तिच्याही कापा."

"माझ्या कशाला?" मावशी म्हणाली. "गिऱ्हाईक कापतं का? मला आख्खी पिशवी द्या, दोऱ्यासकट."

"मॅडम, ज्याला जशी हवी तशी द्या," साहेब म्हणाले. "फार किचकट करू नका."

मी नोंदवहीत लिहिलं, ‘अटी सारख्या नाहीत’, आणि कात्री घेतली.

जीभराव प्रत्येक कपाला तीन सुरके मारत होते. सुरका, डोळे मिटणं, मान थोडी कलती करणं, पुन्हा सुरका. मधे एकदा त्यांना पानात दव जाणवलं, एकदा दगड. दगड जाणवला त्या फेरीत त्यांनी चुकीचा कप उचलला. मावशी एक छोटा घोट घेई, थुंके, चूळ भरे, आणि तिसऱ्या कपानंतर लगेच बोट ठेवी. "हा." ड्रायव्हरला पाणी बदलायला वेळ मिळेना. एका फेरीत तर तिने तिसरा कप नुसता हुंगून बाजूला सारला आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं. साहेब म्हणाले, "अहो, तो तरी प्या." ती म्हणाली, "साहेब, कचरा एकदाच प्यायचा असतो."

सहा फेऱ्या संपल्या. मी पडद्यामागून बाहेर येऊन क्रमांक वाचले. जीभराव सहात दोन. डोळे बांधून, न पिता, नुसतं बोट ठेवलं असतं तरी सरासरीने सहात दोनच येतात. मावशी सहात सहा. हे नशिबाने जमण्याची शक्यता सातशे एकोणतीसात एक. मी दोन्ही आकडे शांतपणे वाचले, पण मला झालेला आनंद शांत नव्हता. तो वैज्ञानिकही नव्हता.

"ही फसवणूक आहे!" जीभराव चटईवरून उठले. "मला सहाही वेळा तिन्ही कपांत एकच चहा दिला! फरकच नव्हता! जे नाही ते मी कसं शोधू?"

साहेब हसले. ड्रायव्हरही हसला. मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण तो माणूस बरोबर बोलत होता.

त्याच्या कपांत फरक नव्हता. मी पिशव्या कापल्या होत्या, चुरी ओतली होती. जुन्या डब्यातली चुरी आणि तक्रारीच्या डब्यातली चुरी एकाच लॉटच्या गोणीतली होती आणि एकसारखी होती. मावशीच्या कपात मात्र पिशवी होती. पिशवी काढून घेतली की फरक जात होता, पिशवी ठेवली की येत होता. जीभरावांनी दोन महिने जी वस्तू चिमटीने डब्यात टाकली होती, दोष त्या वस्तूत होता. ज्याचा तिटकारा केला ते त्यांनी कधी तोंडात घेतलंच नव्हतं.

"साहेब," मी म्हटलं, "चहा ठीक आहे. कागद खराब आहे."

"कागद?"

"मग मी काय म्हणतेय," मावशी म्हणाली. ती खुर्चीतून उठली नव्हती, पाय लांब करून गुडघा चोळत होती. "ही खोली कागदाची. तुम्ही यांना दिलीत. आता रोल कुठेत? छापून आलेली खोकी ठेवतात त्या गोदामात. शाई धड वाळलेली नसते खोक्यांची, दार उघडलं की डोकं धरतं. आणि त्यांच्या शेजारी आपला कागद, उघडा. तो वास शोषून घेणार नाही तर काय? मी रोल चढवते ना, संध्याकाळी सून म्हणते, आई, हाताला छापखान्याचा वास येतोय."

"मग आधी का नाही बोललात?" साहेबांचा आवाज चढला.

"बोलले नाही. लिहिलं." मावशीने माझ्याकडे बघितलं. "तीन आठवडे लिहितेय."

"कुठे लिहिलंय?"

मावशी गुडघा चोळत राहिली. ते सांगायचं काम माझं होतं, आणि मी ते करते की नाही याची ती वाट बघत होती.

मला उत्तर माहीत होतं. मावशीची ती कार्डं मला आठवत होती, कारण त्या वेळी माझी चिडचिड झाली होती. वेगळा कप ओळखलेला, क्रमांक लिहिलेला, आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द, ‘कागद’. यादीत तो शब्द नव्हता. मी तिला दोनदा सांगितलं होतं, मावशी, यादीतला शब्द लिहा. तिने दोनदा ‘बरं’ म्हटलं होतं आणि पुन्हा ‘कागद’ लिहिलं होतं. यादीबाहेरचं कार्ड मी बाद धरते. बाद कार्ड गणितात येत नाही. उरलेल्या पाच जणांच्या उत्तरांवरून फरक सिद्ध होत नव्हता आणि मी तीन आठवडे तेच लिहीत होते.

आता दोनच वाटा होत्या. पॅनेलला काहीच कळलं नव्हतं असं म्हणायचं, म्हणजे मी सुटले असते आणि आजची सहात सहा ही मावशीची एक दिवसाची करामत ठरली असती. साहेबांना करामत बघायला आवडते, पण तिच्यासाठी रोजचे चार तास ते देणार नाहीत. किंवा फाईल आणायची.

मी फाईल आणली. अकरा कार्डं होती. प्रत्येकावर लाल शाईत माझ्या अक्षरात ‘यादीबाहेरचा शब्द, बाद’ आणि खाली माझी सही. माझं अक्षर सुवाच्य आहे.

साहेबांनी अकराही कार्डं वाचली. त्यांनी इतकं लक्षपूर्वक काही वाचताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"म्हणजे पॅनेलला कळलं होतं."

"हो."

"पहिल्या तक्रारीच्या आधीच. ही तारीख बघा."

"चार दिवस आधी."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"बाद केलं."

"का?"

"कागद ही काही चव नव्हे, असं मला वाटलं."

जीभराव तोवर पुन्हा चटईवर बसले होते. ते पहिल्यांदाच माझ्याकडे आपुलकीने बघून हसले. "मॅडम, आपण अभ्यास केलेली माणसं," ते म्हणाले. "होतं असं आपलं."

त्या ‘आपलं’पेक्षा नोकरीवरून काढलं असतं तर बरं वाटलं असतं. पण काढलं नाही. साहेबांनी दहा मिनिटांत निर्णय घेतले आणि ते त्यांच्यासारखेच होते. पॅनेल राहील. मावशीचे चार तास राहतील, सुपरवायझरला तसं लेखी जाईल. कार्डं यापुढे माझ्याकडे न येता थेट साहेबांच्या टेबलावर जातील, त्यांना माझा सारांश नको. जीभरावही राहतील, कारण त्यांचा फोटो असलेले डबे गोदामात रचलेले आहेत. खोलीही त्यांच्याकडेच राहील, कारण पुढच्या आठवड्यात परदेशी पाहुणे येणार आहेत आणि पाहुण्यांना भिंतीवरचं अक्षर दाखवायचं आहे. कागदाचे रोल प्रयोगशाळेत हलवावेत.

"तिथे जागा नाही," मी म्हटलं.

"करा," साहेब म्हणाले. "तिथला एवढा कोरडेपणा काय कामाचा?"

संध्याकाळपर्यंत फोर्कलिफ्टवाल्याने बत्तीस रोल माझ्या दोन टेबलांच्या जागी रचले. "बाई, सांभाळून," तो म्हणाला. "यादीत नसतील हे." मी ऐकलं नाही असं दाखवलं. पावत्यांवाल्या कारकुनाला बाहेर जाऊन हसू आवरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दहा मिनिटं कमी असताना मी पॅनेलच्या खोलीत कप मांडायला गेले, तर मावशी आधीच येऊन बसली होती. लाल दिवा तिने लावला होता. किटलीत पाणी ठेवलं होतं, थर्मामीटर आत सोडलेला. ऐंशी अंश.

"बाई, एक विचारू?" ती म्हणाली. "नऊ वर्षांत तुम्ही हे कधी प्यायलात?"

"कोणता कप कोणता हे मला माहीत असतं. माझं उत्तर धरता येत नाही."

"चाचणीत नका धरू. घरी? असंच? कधी?"

मी घरी कॉफी पिते. तसं मी सांगितलं.

"बसा," तिने समोरची खुर्ची दाखवली. "कोणत्या कपात काय, त्याच्या चिठ्ठ्या मी टाकते. पाठ करून बसा, बघू नका."

मी बसले. मागे कपांचा आवाज झाला, पाण्याचा झाला, मग दोन मिनिटं कसलाच झाला नाही. तिने घड्याळाकडे बघून पिशव्या काढल्या असणार. तीन कप माझ्यासमोर आले. मी पहिला घेतला. गरम, किंचित तुरट. दुसरा घेतला. गरम, किंचित तुरट. तिसऱ्यात काहीतरी आहे असं वाटलं, पण ते ‘असावं’ असं वाटत असल्यामुळे वाटतंय हे मला कळत होतं. मी चूळ भरली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मला कागद शोधायचा होता. अकरा कार्डांवर लिहिलेला, एकेचाळीस गिऱ्हाइकांना कळलेला, पाऊण तास उकळत्या पाण्यात पिशवी ठेवणाऱ्या वन्संनाही कळलेला कागद.

मी मधल्या कपावर बोट ठेवलं.

"चूक," मावशी म्हणाली. "आणि का वाटला वेगळा?"

"नाही वाटला. एकावर ठेवायचं म्हणून ठेवलं."

तिने पुन्हा कप मांडले. मी पुन्हा चुकले. तिसऱ्यांदा मला तिन्ही कप इतके सारखे लागले की मी बोटच उचललं नाही. लाल उजेडात मावशीचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण ती कशी बघते आहे ते न दिसताही कळत होतं. मी जीभरावांकडे तसंच बघत आले होते.

"काहीच लागत नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"हं." तिने माझ्यासमोरचे तिन्ही कप उचलून बेसिनमध्ये ओतले. दारात फोर्कलिफ्टवाला येऊन उभा राहिला होता, मागून लेबलवाल्या दोघी येत होत्या, काहीतरी बोलत, हसत.

"उठा बाई," मावशी म्हणाली. "त्याची खुर्ची आहे ती. त्याला लागतं."

मी उठले आणि पाणी तापवायला गेले.